शुद्ध ज्वारीचं पीठ

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात तिथे. कच्चा माल आला की आधी कागद बघायचे, मग गोणी उघडायची, नमुना काढून लॅबला पाठवायचा, आणि लॅबचा होकार येईपर्यंत माल पिवळ्या पट्टीच्या आत ठेवायचा. टेम्पोवाला कितीही ओरडला तरी. बरीच वर्षं हेच काम केल्यामुळे ते घरातही शिरलंय. किराणा आणला की मी पिशव्या आधी ओट्यावर मांडते, तारखा वाचते आणि मगच डब्यात भरते. नवरा म्हणतो, "हिने जेवायला वाढलं की ताटावर शिक्का आहे का ते बघून घ्यायचं."

मुलगी नोकरीला लागली त्या वर्षी तिचं दुखणं कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं ती नुसती किडकिडीत होती. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पोट सतत फुगलेलं असायचं. नातेवाईक म्हणायचे, आत्यावर गेलीय, अंगाला काही लागतच नाही. शेवटी बदलापूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं आणि सांगितलं, हिला गहू चालत नाही. लोक ऐकलं की म्हणतात, हां, ॲलर्जी. पण तसं ते नसतं. गव्हातल्या चिकट भागामुळे हिच्या आतड्याचं आतलं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगात उतरत नाही. पुरळ उठत नाही, श्वास अडकत नाही, त्यामुळे त्या क्षणी काही कळतही नाही. नुकसान आत चालू राहतं. औषध नाही. गहू पूर्ण बंद, आयुष्यभर, अगदी कणभरसुद्धा नाही, एवढाच उपाय.

मला असा स्पष्ट आदेश बरा वाटतो. एका रविवारी मी स्वयंपाकघर रिकामं केलं. रवा, मैदा, शेवया, कणीक, सगळं शेजारी दिलं. लाकडी पोळपाट-लाटणं काढलं, कारण लाकडात पीठ मुरतं. तवा नवा आणला. डबे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवले. हिंगाची डबी हातात घेतली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ. आमच्या घरात एकही आमटी हिंगाशिवाय होत नाही. तो हिंग फेकला आणि खड्याचा आणला. नवऱ्याने त्या दिवसापासून घरात पोळी मागितली नाही. मुलगी जे खाईल तेच आपण खायचं, असं तो म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला. आयुष्यभर रात्री गरम पोळी खाल्लेला माणूस. मला त्याचं बरं वाटलं होतं. पुढे त्याच गोष्टीचा त्रास झाला.

अडचण पिठाची होती. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. तिथल्या भिंतीसुद्धा पांढऱ्या असतात, त्यामुळे तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. पाकिटातलं पीठ आणलं तर ते विरी गेलेलं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याला चिकटपणा राहत नाही. भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. मुलगी ते तुकडे दह्यात कुस्करून खायची. कधी काही म्हणाली नाही. एकदाच म्हणाली, "आई, पोळीसारखी एक अख्खी घडी घालता येईल अशी भाकरी जमेल का गं कधी?"

त्यानंतर मी ताज्या पिठाच्या शोधाला लागले.

कारखान्यातल्या एका बाईने उल्हासनगरचं दुकान सांगितलं. पाच नंबरच्या कॅम्पात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत. नवऱ्याने ऐकलं आणि तो हसला. "उल्हासनगरला? नैसर्गिक? तिथे नैसर्गिक फक्त गर्दी." मी म्हटलं, "बघून तर येते."

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना काचेच्या बरण्या, खाली गोण्या, मागे देवाच्या तसबिरीला ताजा हार. बाहेर पाटीवर हाताने लिहिलेलं: केमिकल नाही, पॉलिश नाही, मिलावट नाही. आणि त्याखाली लाल रंगात, विना गहू आटा मिळेल. मालकीण माझ्यापेक्षा थोडी मोठी, सिंधी, पांढरी ओढणी घेतलेली. तिचा नवरा पोटाच्या आजाराने गेला, त्यानंतर तिने कापडाचं दुकान बंद करून हे सुरू केलं होतं. हे तिने मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं.

"भाभी, मेरे घरमें अब जहर नहीं आएगा. आणि जे मी नाही खाणार, ते मी नाही विकणार. बस."

असं सगळेच म्हणतात. मी कामाला लागले. गूळ बघितला. काळपट, मऊ, हाताला चिकटणारा होता. पिवळा चकचकीत असता तर मी तिथूनच परत फिरले असते. शेंगदाण्याचं तेल बघितलं आणि विचारलं, घाण्याची पेंड कुठे जाते? तिने लगेच गवळ्याचा पत्ता सांगितला. खोटं बोलणाऱ्याला पेंडीचं उत्तर तयार नसतं. हळद पाण्यात टाकून बघू का म्हटलं तर तिने स्वतःच पेला पुढे केला. तांदळाच्या गोणीत हात घातला तर हाताला तूस लागलं. ज्वारीत एक पोरकिडा चालताना दिसला. तो मी तिला दाखवला.

"हां, किडा आहे," ती म्हणाली. "दवाई नाही टाकली म्हणून आहे. किड्याला पण कळतं, कुठे खायचं."

मला हसू आलं. मग मुद्द्याचं विचारलं. पीठ कुठे दळता?

"घरी. माझी घरघंटी आहे. बाहेर नाही देत."

"त्यात गहू दळता?"

"गहू का आटा मैं बेचतीच नहीं, भाभी. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, चना. बघा ना, एक पॅकेट गव्हाचं दाखवा माझ्या दुकानात."

मी सगळ्या बरण्या पाहिल्या. गव्हाचं पीठ खरंच नव्हतं. कागद नव्हते, पण एवढ्या छोट्या दुकानाकडे कागद कुठून असणार? बाकी प्रत्येक गोष्ट तपासात खरी उतरली होती. मी ज्वारीचं पीठ घेतलं, तिने पिशवीवर आजची तारीख घातली, आणि घरी आल्यावर पहिली भाकरी तव्यावर अशी फुगली की मुलगी उठून ओट्यापाशी आली. तिने ती घडी घातली, उघडली, परत घातली. मग तिळाची चटणी लावून उभ्याउभ्या खाल्ली.

दर आठवड्याला मी तिथून पीठ आणू लागले. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकाही जायला लागल्या. कोणी विचारलं की मी सांगायची, ते दुकान मी बघितलंय, खरं आहे. आणि ते खरंच होतं. आजही मी तेच सांगेन. तिच्या गुळात, तेलात, हळदीत खोट नव्हती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून मुलीकडे पाहिलं. रक्तातला जो आकडा खाली यायला हवा होता तो वर गेला होता. वजन उतरलं होतं.

"गहू पोटात जातोय," ते म्हणाले.

"नाही जात," मुलगी म्हणाली.

"कुठूनतरी जातोय."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "बाहेर काही खातेस का?"

"नाही, बाबा."

"ऑफिसात कोणाचा वाढदिवस, केक, एखादा वडापाव? अगं, खाल्लं असशील तर सांग. रागावणार नाही."

"नाही खाल्लं."

"रिपोर्ट काय खोटं बोलतो?"

ती ताट घेऊन आत गेली. नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "मी पोळी सोडली हिच्यासाठी. तोंडाने बोललो नाही कधी. आणि ही तिकडे..." पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण ते आत ऐकू गेलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. तो तिची पिशवी तपासायचा. लपून नाही, समोर, चहा घेता घेता. तिच्या मैत्रिणीला फोन करून विचारलं, ही डबा पूर्ण खाते का? मुलीने ऑफिसात चहासुद्धा बंद केला, बिस्किटं बुडवलेल्या कपांतला कप नको म्हणून. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. टूथपेस्ट, गोळ्यांची वेष्टनं, तिच्या ओठांना लावायचं मलम, एकेकाच्या कंपनीला फोन करून विचारलं. सगळीकडून नाही असं उत्तर आलं. कारखान्यात एखादा लॉट बिघडला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, बदललं काय? इथे बदललं होतं फक्त पीठ. पण ते पीठ मी स्वतः बघून पास केलं होतं. मी दुकानात फोन केला. मालकीण म्हणाली, "भाभी, गीता पर हाथ रखके. गेहूँ का एक दाना नहीं मिलाती मैं."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. ती खरंच मिसळत नव्हती.

मग मुलगी बाथरूममध्ये घसरली. साधं घसरणं, आपण रोज घसरतो आणि नळ धरून सावरतो तसं. तिने नळ धरला आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालताना हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हिच्या वयाला ही हाडं शोभत नाहीत." त्यांना पोटाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, अन्न अंगातच उतरत नसेल तर हाडात कुठून येणार?

नवऱ्याने त्या दिवसापासून पिशवी तपासणं बंद केलं. माफी मागितली नाही, फक्त तिचे केस विंचरायला बसला, कारण तिला एका हाताने जमत नव्हतं. ती बसली, पण मान ताठ ठेवून.

त्या रविवारी मी उल्हासनगरला गेले. दुकानात नाही, तिच्या घरी. आधी फोन केला, दळताना बघायचंय. तिला अजिबात राग आला नाही. उलट उत्साहच होता. "या ना, चाय पण प्या. लोकांनी बघायलाच पाहिजे."

घर दुसऱ्या मजल्यावर, लखलखीत. घरघंटी गॅलरीजवळ, वर भरतकामाचं कव्हर. तिने कव्हर काढून नीट घडी घातली. झाकण उघडून दाखवलं. आत ब्रश मारलेला होता, कोपऱ्यात किड्यांची जाळी नाही, जुन्या पिठाचा वास नाही. मी कारखान्यातली यंत्रं बघते, मला कळतं. यंत्र तिने मनापासून जपलेलं होतं.

"काल चना दळला," ती म्हणाली. "आता ज्वारी. पण चन्याचा वास ज्वारीला लागतो. म्हणून आधी पेट साफ करायचं चक्कीचं."

तिने ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यातून मूठभर धान्य घेतलं आणि वरून टाकलं. यंत्र गुरगुरलं. पांढरं पीठ खाली भांड्यात पडलं. तिने ते वेगळ्या वाटीत काढलं.

"हे गायीला," ती म्हणाली. "हे मी नाही विकत."

"हे काय होतं?" मी विचारलं.

"गहू."

मी डबा बघायला मागितला. तिने दिला. आत स्वच्छ निवडलेला गहू होता.

"गहू सगळ्यात साफ," ती समजावत होती. "वास ओढून घेतो. माझी सासू हाताच्या जात्यात पण असंच करायची. मिरची दळली, मग मूठभर गहू, मग दुसरं काही. प्रत्येक वेळी करते मी. कधी चुकवत नाही."

मग तिने ज्वारी ओतली. मी ते पीठ पडताना बघत उभी राहिले. दगडाच्या खाचांत अडकलेलं गव्हाचं पीठ नव्या पिठाबरोबर खाली येत असणार. ते दिसत नव्हतं. दिसणार तरी कसं? दोन्ही पिठं पांढरीच.

मी यंत्र बंद करायला सांगितलं आणि तिला सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, कारखान्यात पुरवठादाराला सांगते तसं. तिला पटायला वेळ लागला.

"एक मुट्ठी? भाभी, एक मुट्ठी! आणि ती पण मी काढून टाकते."

"काढता. पण सगळं निघत नाही. तिला कणभरसुद्धा चालत नाही."

"बाकी सगळे खातात ना? कुणाला काही नाही झालं."

"बाकीच्यांना गहू चालतो."

ती सोफ्यावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळू आवाजात विचारलं, "म्हणजे मी तुमच्या मुलीला जहर दिलं?"

खोटं बोलून काय उपयोग होता? मी म्हटलं, "तिच्यासाठी तेच होतं."

ती रडली नाही. चहाचे कप तसेच राहिले. थोड्या वेळाने म्हणाली, "वांगणीची एक आई येते. तिच्या छोट्याला पण गहू बंद आहे. पाटी बघूनच आली होती."

"तिला फोन करा."

"नंबर नाही ना माझ्याकडे. महिन्यातून एकदा येते, एकदम घेऊन जाते."

मी तिला सांगितलं, पाटीवरची लाल ओळ आजच पुसा. गव्हाऐवजी तांदूळ टाकला तरी भागणार नाही, दगड बदलावा लागेल. ती मान हलवत होती. निघताना तिने मला गुळाची ढेप द्यायचा प्रयत्न केला. मी घेतली नाही. जिन्यात वास येत होता, कोणाच्यातरी घरी पोळ्या भाजत होत्या.

पुढच्या महिन्यात मी दुकानावरून गेले. लाल ओळीवर पांढरा रंग फासला होता, तरी खालची अक्षरं वाचता येत होती. मी आत डोकावून विचारलं, वांगणीची बाई आली का?

"नाही आली, भाभी. या वेळेला आलीच नाही."

ती बाई नवं दुकान शोधायला गेली, की मुलाला घेऊन दवाखान्यात, कोणाला माहीत. नंतरही मी दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं. मालकिणीचा चेहराच सांगायचा.

घरी मी नवऱ्याला आणि मुलीला एकत्र बसवून सगळं सांगितलं. नवरा मुलीला म्हणाला, "मी तुझ्यावर..." ती म्हणाली, "असू दे, बाबा." त्या असू दे मध्ये माफी किती होती आणि कंटाळा किती, मला अजून सांगता येणार नाही.

मी स्वतःची घरघंटी आणली. नवी कोरी, बंद खोक्यातली, दगडाला कुठल्याच धान्याचा स्पर्श नसलेली. ज्वारी थेट शेतकऱ्याकडून आणली, चादरीवर पसरून दाणा दाणा निवडली, धुऊन वाळवली. पहिलं पीठ दळलं. कणभर संशयाला जागा नव्हती. मी भाकरी थापली, ती फुगली, मी ताटात घालून तिच्यासमोर ठेवली.

तिने ताट बघितलं. प्लास्टर निघालं होतं, मनगट बारीक झालं होतं.

"आई, मला भातच दे."

"अगं, ही माझ्या हातची. माझ्यासमोर दळलेली. यात काहीही नाही."

"माहीत आहे. तेही पीठ तू दुकान बघूनच आणलं होतंस." ती ओरडून म्हणाली नाही. "तुझ्यावर राग नाही माझा. फक्त पीठ बघितलं की मला वाटतं, यात असेल. दिसत नाही ना ते. भाताचा दाणा मला दिसतो."

मी समजावलं. लॅबमध्ये तपासून आणते म्हटलं, रिपोर्ट दाखवते म्हटलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आई, आता माझ्यासाठी काही शोधून आणू नकोस. प्लीज."

तेव्हापासून ती भात खाते. सकाळी भात, डब्यात भात, रात्री भात. तांदूळ ती स्वतः निवडते, स्वतः धुते, तिच्या वेगळ्या कुकरला लावते. वरण, उकडलेली भाजी, वर साजूक तूप. हिंग नाही, खड्याचासुद्धा नाही. कोणाच्या लग्नाला गेली तर एका कोपऱ्यात बसून डबा उघडते, आणि कोणी आग्रह केला तर हसून हात जोडते. गेल्या तपासणीत आकडा उतरला. डॉक्टर खूश झाले. हाडांचं मात्र त्यांनी हात आडवा हलवून सांगितलं, त्याला वेळ लागेल, सगळं भरून येईलच असं नाही.

घरघंटीवर आम्ही दोघं आमच्यापुरतं दळतो. नवऱ्याला मी एकदा सांगितलं, तुला पोळी हवी तर खा आता, तिचं सगळं वेगळंच आहे. तो म्हणाला, नको. दोघं समोरासमोर बसून भाकरी खातो. ती तिचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. भाकरी थापली की पीठ उडतं ना, म्हणून.